तळ्याचा पाऊस : एक किलोमीटरच्या अंदाजाचं एक प्रकरण

"काय गो बाय, आज पाऊस हाय काय?"

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सोमवार, सकाळचे सहा. फोनवर काका आणि त्यांच्या मागे कोंबडा. काकांचं घर चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीच्या अलीकडे. साठ गुंठे भात. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, कापून खळ्यावर आलं होतं, त्यानंतरचं निमगरवं पिकून उभं होतं, आणि चार माणसं आठवडाभरापूर्वीच सांगून ठेवलेली.

मी पुण्यात एका संस्थेत बारीक जाळीच्या हवामान मॉडेलवर काम करते. म्हणजे नकाशाच्या लहान-लहान चौकटी पाडायच्या आणि प्रत्येकीतलं हवामान संगणकावर गणिताने काढायचं. इशारे द्यायचं काम भारतीय हवामान विभागाचं; आमचं काम मॉडेल सुधारणं, जुन्या घटना पुन्हा चालवून बघणं, आणि प्रयोग म्हणून रोजचा एक अंदाज काढून तो प्रत्यक्षाशी ताडणं. हा अंदाज बाहेर कोणाला सांगायचा नाही असा आमच्याकडे दंडक आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. मी तो काकांसाठी मोडला. हे प्रकरण तिथूनच सुरू होतं, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

काकांना नेमकं काय हवं होतं ते नीट समजून घ्यायला हवं. उभं भात पावसाने आडवं झालं तरी बरंचसं हाती लागतं. कापून कडपे पसरले आणि त्यावर सर आली, की लोंब्यांना मोड येतात, पेंढा काळा पडतो, गुरंही तोंड लावत नाहीत. कापलेल्याला एक-दोन उन्हं खाऊ द्यावी लागतात, मग भारे बांधायचे. आणि थांबत बसलं तर दाणे शेतातच झडतात. म्हणजे त्यांना हवी होती आज आणि उद्या, दुपारी तीन ते सात, साठ गुंठ्यांपुरती माहिती.

जिल्ह्याच्या अंदाजात त्या दिवशी होतं, 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस'. ते चूक नव्हतं. 'तुरळक' या शब्दाला खात्यात ठरलेला अर्थ आहे: भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. पण रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरचा. त्यातलं 'तुरळक' नेमकं आपल्या बांधावर येणार का, या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात नाही आणि असूही शकत नाही. ते उत्तर द्यायचा आव आमचं मॉडेल आणतं.

परतीचा पाऊस असा का वागतो

जुलैतला कोकणातला पाऊस मॉडेलला तसा सोपा. समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरच्या आसपास पश्चिमेचा जोरदार वारा, समोर सह्याद्रीची भिंत, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा. डोंगर हलत नाही आणि वारा दिवसेंदिवस तसाच राहतो; किती पडेल यात चूक होते, पण कुठल्या बाजूला पडेल हे बहुधा बरोबर येतं.

ऑक्टोबरात सगळं उलटतं. वरचे वारे पूर्वेकडून यायला लागतात. सकाळी मळभ नसतं, ऊन कडक. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा किनाऱ्यावरून आत शिरतो आणि दुपारपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी पोचतो. तिकडून पूर्वेची हवा घाट उतरू बघते. दोघांची गाठ पडते तिथे, किंवा तापलेल्या घाटमाथ्यावर, तीन-चारच्या सुमारास ढग उभा राहतो. बाराएक किलोमीटर उंच होतो, आणि वरचा वारा त्याला पश्चिमेकडे, म्हणजे कोकणात ढकलतो. खालून बघणाऱ्याला पाऊस डोंगरावरून उतरताना दिसतो. अर्ध्या तासात शेताचा तलाव होतो, आणि ओढ्यापलीकडच्या वाडीत धूळसुद्धा बसलेली नसते.

असा ढग पाच-सात किलोमीटर रुंदीचा. १२ किलोमीटरच्या जाळीत तो मावतच नाही: एका चौकटीत १४४ चौरस किलोमीटर, आणि त्या सगळ्याला मिळून पावसाचा एकच आकडा. अशा मॉडेलमध्ये ढग प्रत्यक्ष उभा राहत नाही. 'अशी परिस्थिती असली की सरासरीने इतकं पडतं' असं एक सूत्र त्याच्या जागी बसवलेलं असतं. जाळी तीन-चार किलोमीटरच्या खाली नेली की हे सूत्र बंद करून ढगाला मॉडेलमध्ये स्वतःहून उभं राहू देता येतं. म्हणून बारीक जाळीची ही सगळी धडपड. २०२५ च्या मे महिन्यात देशाचं जागतिक मॉडेल १२ वरून ६ किलोमीटरवर आलं, पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेलं, 'अर्क' महासंगणकावर चालणारं. त्याच्याही खाली उतरायचं तर सगळं जग घेऊन चालत नाही, तुकडा कापावा लागतो.

आमचा तुकडा वर्फ (WRF) या, अशा तुकड्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मॉडेलचा. एकात एक तीन जाळ्या: बाहेर ९ किलोमीटर, आत ३, आणि सगळ्यात आत १. एकची जाळी हर्णैपासून रत्नागिरीच्या खालपर्यंत, पूर्वेला घाट ओलांडून पाटणच्या पलीकडे. ३ वरून १ वर उतरणं म्हणजे तिप्पट काम नव्हे. लांबीत तिप्पट चौकटी, रुंदीत तिप्पट, आणि चौकट लहान झाली की काळाची पावलंही तितकीच लहान टाकावी लागतात, नाहीतर गणित फुटतं. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस पट. सहा महिने अर्ज-विनंत्या करून संगणकावर तेवढी वेळ मिळाली होती आणि सप्टेंबरअखेर ही जाळी सुरू झाली होती. त्या कौतुकात मी होते, हेही नोंदवून ठेवते.

तीन दिवस

संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवरून निघणारा अंदाज आमच्याकडे पहाटे चारच्या सुमारास तयार होतो. सोमवारी काकांचा फोन वाजत असताना मी तो उघडला. दुपारी साडेतीनला पोफळीच्या पूर्वेला घाटमाथ्यावर ढग, साडेचारला तो कोकणात उतरलेला, काकांच्या वाडीवर जोरदार पावसाचा लाल ठिपका. इतकं नेमकं चित्र मी आमच्या ३ किलोमीटरच्या जाळीत कधी पाहिलं नव्हतं.

"काका, आज कापू नका. चारनंतर येईल."

आला नाही. संध्याकाळी त्यांनी चकार शब्द काढला नाही, मीच विचारलं. "नाय आला. आभाळ भरलंवतं थोडं, मग गेलं."

मंगळवारी पुन्हा तेच चित्र, तीच वेळ, फार तर दहा मिनिटांचा फरक. मी पुन्हा थांबायला सांगितलं. सांगून ठेवलेल्या चार माणसांपैकी दोघं दुसऱ्याच्या शेतावर गेली. पाऊस नाही. आकाश इतकं स्वच्छ की काकांना शेतातून कोयनेच्या बाजूचे कडे मोजता येत होते.

बुधवारी पहाटे अंदाज उघडला आणि तिसऱ्यांदा तोच ठिपका त्याच जागी बघितल्यावर पोटात गोळा आला. पावसाची चूक ही नवी गोष्ट नाही, रोज होते. पण मॉडेलमधले दुपारचे ढग दर दिवशी थोडे इकडे-तिकडे उगवतात. हवाच तशी बेभरवशाची असते. तीन दिवस एकाच जागी, एकाच वेळी ढग उभा राहतो तेव्हा त्याखाली काहीतरी न हलणारं असतं. डोंगर असेल, किंवा दुसरं काही. डोंगर तर ३ किलोमीटरच्या जाळीतही होता, आणि तिथे हा ढग नव्हता.

काकांना त्या सकाळी मी सांगितलं, "मला कळत नाहीये, संध्याकाळपर्यंत थांबा." त्यांनी फक्त "बरं" म्हटलं.

डाग

ढगाच्या मागे उलटं जायचं असतं. पावसाचा नकाशा सोडून द्यायचा आणि दुपारच्या आधीचे तास बघायचे: बारा वाजताची हवा, नऊची, पहाटेची. प्रत्येक तासाला जमिनीलगतच्या हवेत वाफ किती आहे याचा नकाशा काढला. सकाळी सातच्या नकाशावर घाटाच्या पूर्वेला, उत्तर-दक्षिण पसरलेला एक ओलसर डाग होता. गांडुळासारखा लांबट, अरुंद, बाजूंना फुटवे. थोडं बघत राहिले आणि ओळखला. शाळेच्या नकाशात भरलेला शिवसागर.

कोयनेचं हे तळं सुमारे पन्नास किलोमीटर लांब, पण दरीत अडवलेलं म्हणून रुंदीला अगदी कमी. आमच्या ९ किलोमीटरच्या जाळीत ते नव्हतंच. ३ किलोमीटरच्या जाळीत चार-पाच सुट्या चौकटी. १ किलोमीटरच्या जाळीत ते पहिल्यांदाच सलग, हाता-पायांसह उमटलं होतं. जाळी बारीक करण्याचं हेच तर सुख, की खरी जमीन दिसायला लागते.

मग पाण्याचं तापमान उघडलं. तळ्याच्या प्रत्येक चौकटीत २९.३ अंश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २९.३. दाभोळसमोरच्या समुद्राच्या चौकटींवर गेले, तिथेही २९.३.

झालं होतं ते असं. मॉडेलला पाण्याचं तापमान बाहेरून, जागतिक विश्लेषणातून द्यावं लागतं. त्या जाड्याभरड्या माहितीत शिवसागर नाही. आमची बारीक जाळी म्हणते, इथे पाणी आहे, तापमान द्या. आत भरणारा प्रोग्रॅम शोधायला निघतो की जवळात जवळचं पाणी कुठलं, आणि सह्याद्रीची भिंत ओलांडून अरबी समुद्रापर्यंत जातो. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवरच्या तळ्यात तो ऑक्टोबरचा समुद्र ओततो. कुठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते.

उपग्रहाने रात्री टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान फुकट मिळतं. ढग नव्हते, म्हणून आदल्या रात्रीचं मिळालं. तळं पंचवीसच्या आसपास.

चार अंशांनी काय होतं, हा प्रश्न आमच्या सरांनीच विचारला, जरा चिडून. कागदावर करून दाखवलं. २५ अंशांच्या पाण्यालगतची हवा वाफेने तुडुंब भरली की वाफेचा दाब सुमारे ३१.७ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. २९ ला तो ४० होतो. हा फरक नुसता सव्वापटीचा. पण बाष्पीभवन चालतं ते पाण्यालगतच्या आणि वरच्या हवेतल्या फरकावर. घाटमाथ्यावरच्या त्या हवेत दाब २३ च्या जरा वर होता. म्हणजे खऱ्या तळ्यावर फरक आठाचा, आमच्या तळ्यावर जवळजवळ सतराचा. वारा तोच धरला तर आमचं तळं दुप्पट वाफ सोडत होतं, रात्रभर, दिवसभर, आणि पूर्वेचा मंद वारा ती वाफ घाटाच्या ओठावर नेऊन ठेवत होता. दुपारी खारा वारा तिथे पोचला की ठिणगी पडायचा अवकाश.

या सापळ्याबद्दल वर्फच्या वापरपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: आतल्या तळ्यांना समुद्राचं तापमान चिकटू शकतं, त्याऐवजी हवेच्या दिवसभराच्या सरासरी तापमानावरून भरा. माझ्या प्रतीत ती ओळ पिवळी केलेली आहे. दोन वर्षांपूर्वी मीच केली होती. तेव्हा आमच्या जाळीत तळंच नव्हतं, म्हणून पुढे गेले.

दोन धावा

कारण सापडल्यासारखं वाटणं आणि सापडणं यात फरक आहे. म्हणून बुधवारी सकाळीच दोन धावा लावल्या, म्हणजे मॉडेल दोनदा चालवलं. सुरुवात, सीमा, डोंगर, ढगांचं भौतिकशास्त्र, सगळं एकच. फक्त एकीत तळं २९.३ आणि दुसरीत सरासरी हवेइतकं. पहिलीत ढग त्याच जागी, त्याच वेळी. दुसरीत पोफळीच्या पूर्वेला काही नाही. पाटणच्या बाजूला आणि खाली संगमेश्वरकडे विखुरलेले दोन-चार लहान ढग, उशिरा उठलेले.

मग जरा आगाऊपणा म्हणून तिसरी धाव: तळं पुसूनच टाकलं, त्या जागी रान. तीही दुसरीसारखीच दिसली. म्हणजे तळ्याचं असणं-नसणं त्या आठवड्यात फारसं महत्त्वाचं नव्हतं. चुकीचं गरम तळं तेवढं महत्त्वाचं होतं. बारीक जाळी घेऊन आम्ही एक खरी गोष्ट मॉडेलमध्ये आणली आणि ती खोट्या तापमानाने भरली. ९ किलोमीटरची जाळी या बाबतीत अडाणी होती, आणि त्या अडाणीपणामुळेच सुरक्षित.

बुधवारी संध्याकाळी दुरुस्ती रोजच्या धावेत घातली. गुरुवारी पहाटेचा अंदाज आला: काकांच्या वाडीवर दोन्ही दिवस कोरडं. लाल ठिपका होता, पण चौदा किलोमीटर दक्षिणेला, संध्याकाळी साडेपाचचा.

सहाला मीच फोन केला. "काका, कापा."

गुरुवार

उरलेली दोन माणसं, काका, काकू आणि मुंबईहून आलेला चुलतभाऊ यांनी दुपारपर्यंत निम्मं शेत कापलं. कडपे पसरले. सहाला दहा कमी असताना डोंगराकडून वारा आला. गार, जोराचा, पाऊस नसलेला. काकांच्या शब्दांत, "पयला वारा आला तवाच समाजलं." वीस मिनिटांनी पाऊस. पुढची वीस मिनिटं फक्त पाऊस.

मी तेव्हा कुलाब्याच्या रडारचं चित्र बघत होते. चिपळूण तिथून सुमारे १७० किलोमीटर. रडारचा सगळ्यात खालचा किरणही, थोडा वर रोखलेला असल्यामुळे आणि पृथ्वी वाकत गेल्यामुळे, इतक्या अंतरावर जमिनीपासून तीनेक किलोमीटर उंचावरून जातो. ढगाचं पोट दिसतं, पाय दिसत नाहीत. आणि त्या संध्याकाळी जे काही घडलं ते पायापाशी. पाटणच्या बाजूला आधी एक ढग कोसळला होता. त्याच्या पावसाने गार झालेली जड हवा जमिनीलगत पसरत घाटावरून खाली आली आणि वाटेत पुढचा ढग उठवला. मॉडेलमध्येही पाटणच्या बाजूला ढग होता, त्याचीही गार हवा पसरली होती. फक्त तिने पुढचा ढग चौदा किलोमीटर दक्षिणेला उठवला.

चौदा किलोमीटर. आमच्या धंद्यात याला उत्तम अंदाज म्हणतात, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. प्रकार बरोबर, वेळ तासाभराच्या आत, यंत्रणा बरोबर. काकांच्या कडप्यांसाठी याच अंदाजाची किंमत शून्याहून कमी, कारण अंदाज नसता तर त्यांनी डोंगराकडे बघून कदाचित कापलंच नसतं.

इथे दोन चुका एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, आणि आमच्या बैठकीत नेमक्या त्या मिसळल्या. एकजण म्हणाला, दुरुस्तीच चुकली, जुनी मांडणी ठेवली असती तर गुरुवारी पाऊस दाखवला असता. खरं आहे, दाखवला असता. सोमवारी दाखवला, मंगळवारी दाखवला, बुधवारी दाखवला, गुरुवारीही दाखवला असता; बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं. तळ्याची दुरुस्ती योग्यच होती. चूक माझ्या "कापा" या शब्दात होती. एका चौकटीतलं कोरडेपण मी काकांच्या शेताचं कोरडेपण समजले.

जाळी १ किलोमीटरची म्हणजे मॉडेलला १ किलोमीटरचं दिसतं, असं नाही. लाट ओळखायला दोन ठिपके पुरत नाहीत. गणित गुळगुळीत राहावं म्हणून मॉडेल लहान लहरी स्वतःच पुसत असतं. साधारण सात चौकटींपेक्षा लहान गोष्टींवर भरवसा ठेवू नये, असा वर्फबद्दलचा अनुभव आहे. म्हणजे आमची खरी नजर सात किलोमीटरची. आणि दुपारच्या ढगाच्या बाबतीत, बारा तास आधी, ढग कुठे उठेल ही अनिश्चितता त्याच्याही दुप्पट-तिप्पट. नकाशा मात्र एकेका किलोमीटरच्या चौकटीत रंगवलेला, शेताचा बांधसुद्धा दिसेलसा वाटावा असा. माझं शिक्षण याच विषयात झालंय, तरी सकाळी सहाला तो रंग बघून माझी जीभ घसरली.

हिशेब कसा मांडायचा

पुढच्या महिन्यात ऑक्टोबरातल्या सगळ्या दुपारी जुन्या आणि नव्या तळ्यासह पुन्हा चालवल्या. ताडून बघायची साधी पद्धत म्हणजे केंद्रावर किती पडला आणि त्याच चौकटीत मॉडेलने किती दिला. या पद्धतीत आमची १ किलोमीटरची जाळी ९ किलोमीटरच्या जाळीपुढे हरली. कारण उघड आहे. चौदा किलोमीटर सरकलेल्या ढगाला दोनदा शिक्षा होते: जिथे दाखवला तिथे पडला नाही म्हणून एकदा, जिथे पडला तिथे दाखवला नाही म्हणून दुसऱ्यांदा. जाड जाळी सगळीकडे पाच-सात मिलिमीटर फासून मोकळी होते आणि कमी मार खाते. ज्याने धड काही सांगितलंच नाही त्याला जास्त गुण, असा हा न्याय.

यावर २००८ साली ब्रिटनच्या हवामान खात्यातल्या रॉबर्ट्स आणि लीन यांनी मांडलेली पद्धत आम्ही वापरतो. ठिपका ठिपक्याशी ताडायचा नाही. एक परिसर घ्यायचा, समजा पंचवीस किलोमीटरचा. त्यात मॉडेलच्या किती हिश्शावर ठरलेल्या मापाहून जास्त पाऊस आहे आणि प्रत्यक्षात किती हिश्शावर, एवढंच ताडायचं. परिसर वाढवत न्यायचा आणि बघायचं, कुठल्या रुंदीला अंदाज कामाचा होतो. आमच्या बाबतीत तो पंचवीस-तीस किलोमीटरच्या आसपास कामाचा झाला, आणि तिथे १ किलोमीटरची जाळी, तळं दुरुस्त केलेली, बाकी दोघींहून स्पष्ट सरस ठरली. तळ्याच्या दुरुस्तीचा फायदा मात्र पोफळीच्या पूर्वेच्या कोपऱ्यापुरताच. इतरत्र काही फरक पडला नाही, आणि अहवालात तसंच लिहिलं, जरी सरांना तिथे एखादं मोठं वाक्य हवं होतं.

म्हणजे चौकटीतला रंग फेकून द्यायचा आणि त्या चौकटीभोवतीच्या पंधरा किलोमीटरांत दहापैकी किती चौकटी भिजल्या ते सांगायचं. गुरुवारी पहाटेचा तोच अंदाज या पद्धतीने वाचला तर काकांच्या वाडीसाठी 'दहात तीन' येतं. 'कोरडं' येत नाही.

दहात तीन ऐकून शेतकऱ्याने काय करायचं? इथे हवामानशास्त्र संपतं आणि काकांचा हिशेब सुरू होतो, जो त्यांना माझ्याहून चांगला येतो. एक दिवस थांबलं तर माणसांचा खाडा आणि झडणारे दाणे. कापून भिजलं तर त्याच्या तिप्पट-चौपट नुकसान. तिप्पट असेल तर दहात तीनला जेमतेम कापावं, चौपट असेल तर थांबावं. ताडपत्री जवळ असेल तर सगळं गणितच बदलतं, कारण भिजण्याचं नुकसान उतरतं: मग जेवढं झाकता येईल तेवढंच कापायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची मंगळवारी आणि शुक्रवारी जी कृषी सल्ला पत्रिका निघते तिच्यात कापणीच्या दिवसांत अशीच व्यवहारी वाक्यं असतात. मी त्यांना पूर्वी मोघम समजायचे.

विजेबद्दल एक गोष्ट राहिली. त्या गुरुवारी पाचही जण उघड्या शेतात होते. आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजा दाखवतं. ते माझ्या फोनमध्ये होतं, चुलतभावाच्या फोनमध्ये नव्हतं. मी चार दिवस भाताबद्दल बोलत होते आणि ही गोष्ट एकदाही सांगितली नाही. पहिल्या वाऱ्यालाच काकांनी सगळ्यांना घरी पिटाळलं, म्हणून निभावलं. आमच्या अहवालात या परिच्छेदाला जागा नव्हती.

त्यानंतर

आता जाळी बदलली की आम्ही आधी एक कंटाळवाणं काम करतो: जुन्या जाळीत नसलेली आणि नव्या जाळीत उमटलेली प्रत्येक गोष्ट उघडून बघतो. शिवसागरानंतर दाभोळच्या खाडीत तीन चौकटी निघाल्या, ज्या मॉडेलच्या लेखी शेतजमीन होत्या. चिपळूणजवळ एक टेकडी सापडली जी खालच्या खोऱ्यात विरघळून गेली होती. एक दगडखाण अजून जंगल आहे. प्रत्येकाने पाऊस बदलेल असं नाही, बहुतेकांनी बदलत नाहीच. पण कुठल्याने बदलेल हे आधी सांगता येत नाही.

काकांचं भिजलेलं भात काकूंनी पडवीत आणि माजघरात पंख्याखाली पसरलं. बरंचसं वाचलं, बाकीचं कोंबड्यांनी खाल्लं. पुढच्या ऑक्टोबरात फोन आला तेव्हा मी दंडकाची आठवण करून दिली आणि जिल्ह्याचा अंदाज कुठे बघायचा ते सांगितलं.

"तो बघितला गो. दामिनी पन हाय आता पोराच्या फोनात. तुजं तळं काय म्हणतंय ते सांग."

"तळं थंड आहे काका."

"मग दहात किती?"

"चार."

पलीकडे थोडा वेळ काकूंशी बोलणं चाललं. मग फोनवर परत आले, "वरचा चोंढा कापतो मग आज. ताडपत्री दोनच हायत."